मुक्कामाची गाडी आणि चिकू : अण्णांचा डिमेन्शिया आणि घरी येणारी थेरपी डॉग

अण्णांसाठी थेरपी डॉग येते असं सांगितलं की समोरच्याला वाटतं, आम्ही कुत्रं पाळलं. तसं नाही. चिकू आमची नाही. ती तिला सांभाळणाऱ्या दादांबरोबर ठरलेल्या दिवशी येते, पाऊण तास थांबते आणि जाते. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाच्या घरात कुत्रं पाळायला आणणं ही निराळी गोष्ट आहे. ज्या घरात एका माणसामागे आधीच दोन माणसं दिवसरात्र अडकलेली असतात, तिथे आणखी एका जिवाचं खाणंपिणं, फिरवणं, आजारपण अंगावर घेऊ नये, असं माझं मत आहे. मी लिहितेय ते बाहेरून येणाऱ्या, शिकवून तयार केलेल्या कुत्रीबद्दल, आणि तिच्यामुळे आमच्या संध्याकाळींचं काय झालं त्याबद्दल. हल्ली ओळखीतून फोन येतात, "तुमच्याकडे ते कुत्र्याचं काय आहे?" म्हणून. फोनवर सगळं सांगून होत नाही.

अण्णा माझे सासरे. माण तालुक्यातले, दहिवडीजवळच्या एका वाडीतले. उभी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून केली. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे पुण्याला आले आणि हळूहळू एकेक गोष्ट हातातून सुटायला लागली. आधी नावं, मग पैशांचा हिशोब, मग घरातल्या घरात बाथरूमची दिशा. न्यूरॉलॉजिस्टनी तपासण्या करून सांगितलं की अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, आहे आणि जोडीला मेंदूच्या रक्तवाहिन्यांचाही त्रास आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. तरीही आपल्याकडे अजून "वयच झालं आता" म्हणून विषय संपवला जातो.

विसरण्याचं आम्ही सोसलं असतं. सोसवेना ती संध्याकाळ. उन्हं उतरायला लागली की अण्णांच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. खुंटीवरची टोपी घालायची, चपला शोधायच्या, किल्ल्या मागायच्या. "गाडी लावायचीय." दार बंद दिसलं की कडीशी झटापट. मी समोर गेले तर मला म्हणायचे, "बाई, जरा बाजूला व्हा. कंडक्टर आला का बघा." नवरा समजावायचा, "अण्णा, तुम्ही रिटायर झालात. आपण पुण्यात आहोत." त्यावर ते असे बघायचे की हा कोण माणूस मला कामावर जाऊ देत नाही! मग आवाज चढायचा, हात थरथरायचे, श्वास लागायचा. दिवसभर त्यांच्याजवळ असणाऱ्या मावशी घरी जायच्या त्याच सुमाराला, त्यामुळे त्यांची निघायची गडबड बघून अण्णांची घाई आणखी वाढायची. आठ-साडेआठला थकून ते शांत होत. तोवर आम्हीही थकलेलो असायचो, आणि एकमेकांवर चिडलेलोही.

डॉक्टर याला सनडाउनिंग म्हणतात. डिमेन्शियात हे पुष्कळ जणांना होतं. मेंदूतलं दिवसरात्रीचं घड्याळ बिघडतं, दिवसभराचा थकवा साठतो, उजेड कमी झाला की सावल्या आणि आकार ओळखू येत नाहीत. आम्ही गोळी मागायला गेलो होतो. आमच्या डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला सांगितली, कारण म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रमार्गात संसर्ग असला तर ताप न येताही तो असा बिथरू शकतो. मग बद्धकोष्ठ आहे का, कुठे दुखतंय का, कानात मळ आहे का, चष्म्याचा नंबर बरोबर आहे का, हे सगळं बघितलं. साडेचारलाच घरातले दिवे लावा म्हणाले. मनोविकारांवरच्या काही औषधांनी माणूस शांत होतो, पण डिमेन्शियाच्या वयस्कर रुग्णांत त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच तसा ठळक इशारा त्या औषधांवर छापायला लावला, हेही त्यांनीच सांगितलं. "लागलं तर देऊ. पण आधी बाकीचं करून बघू." त्या 'बाकीच्या'त जुनी गाणी होती, दुपारचं फिरणं होतं आणि कुत्रं होतं.

मला पटलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. पण अण्णांचा हात धरून दारातून मागे ओढायचा रोजचा प्रकार इतका जिव्हारी लागला होता की काहीही करून बघायची तयारी होती.

पहिल्या भेटीला कुत्रं आलंच नाही. थेरपी डॉग पाठवणाऱ्या संस्थेच्या मानसतज्ज्ञ ताई एकट्या आल्या आणि दोन तास बसल्या. त्यांच्याजवळ मोठा फॉर्म होता. अण्णांना कधी कुत्रं चावलंय का? दम्याचा, त्वचेचा त्रास? अंगावर कुठे जखम? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? ती चालू होती, म्हणजे नख लागलं तरी काळंनिळं होणार आणि रक्त थांबायला वेळ लागणार. ते त्यांनी लाल शाईने लिहून घेतलं. चालताना तोल जातो का, कोणत्या खुर्चीत बसतात, तिला हात आहेत का, खाली गालिचा आहे का. गालिचा काढून टाकायला सांगितला, कारण कुत्र्याच्या आणि अण्णांच्या पायात तो एकदमच आला असता.

मग म्हणाल्या, "आता मला अण्णा सांगा." आजार नको, माणूस सांगा. कुठे वाढले, काय काम केलं, कुणाशी पटायचं, राग कशाचा यायचा. कुत्र्यांबद्दल विचारलं तेव्हा नवऱ्याला काहीच सांगता येईना. त्याच्या स्वतःच्या लहानपणी घरात कुत्रं नव्हतं. मग गावी आत्यांना फोन लावला. आत्या म्हणाल्या, "आगं, मेंढरांच्या वाड्यावर वाढलाय त्यो. रातचं राखणीला कुत्री असायची, त्यांच्यातच निजायचा." आम्हाला हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

या एका वाक्यावर ताईंनी कुत्रं ठरवलं. संस्थेत एक काळा लॅब्रॅडोर होता, शांत आणि अनुभवी. अण्णांसाठी त्यांनी तो न निवडता चिकूला निवडलं. चिकू आपल्या रस्त्यावरची, गावठी. चिकूच्या रंगाची, एक कान उभा, एक दुमडलेला. "अण्णांनी जन्मभर पाहिलेलं कुत्रं असं दिसतं," ताई म्हणाल्या. थेरपी डॉग म्हणजे उंची जातीचं, केसाळ, परदेशी कुत्रं अशी आपली समजूत असते. स्वभाव ठरलेला असेल आणि तयारी झालेली असेल तर जात महत्त्वाची नाही.

चिकूची कागदपत्रं आम्हाला न मागता दाखवली. रेबीजची लस, लेप्टोस्पायरोसिसची लस, जंताचं औषध, पशुवैद्यांचा ताजा दाखला. आदल्या दिवशी आंघोळ, नखं कापून कडा घासलेल्या. तिची परीक्षा कशी होते तेही दादांनी सांगितलं. अचानक भांडं पाडतात, चाकाची खुर्ची अंगावर आणतात, काठी आपटतात, अनोळखी माणूस कान आणि शेपूट धरतो, चार माणसं एकदम भोवती जमतात. या सगळ्यात कुत्रं भुंकलं नाही, चावायला आलं नाही, एवढ्याने भागत नाही. घाबरून दबून गेलं तरी ते नापास. त्याला माणसांजवळ आपणहून यावंसं वाटायला हवं.

वेळ साडेचारची ठरली. मला वाटत होतं की अण्णा बिथरले की कुत्रं आणायचं. ताईंनी ते स्पष्ट नाकारलं. भडकलेल्या माणसासमोर कुत्रं आणणं दोघांनाही धोक्याचं. घालमेल सुरू व्हायच्या आधी यायचं आणि तिला सुरू व्हायला जागाच ठेवायची नाही.

पहिल्या दिवशी अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. दादा चिकूला घेऊन आत आले आणि अण्णांच्या बाजूला, पायांपासून हातभर लांब बसले. समोर नाही, बाजूला. चिकू बसली. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. "अण्णा, बघा कोण आलंय!" असं माझ्या तोंडावर आलं होतं, ताईंनी हातानेच थांबवलं. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. बराच वेळ गेला. मला वाटलं, झालं, फुकट गेलं.

मग चिकूने हनुवटी खुर्चीच्या हातावर ठेवली. अण्णांचा हात तिथेच होता. त्यांनी खाली पाहिलं, आणि न बघता जुन्या सवयीने हात उलटा करून मागची बाजू तिच्या नाकापुढे धरली. अनोळखी कुत्र्याला आधी वास घेऊ द्यायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुलाचं नाव हरवलेल्या माणसाच्या हाताला ते माहीत होतं. चिकूने वास घेतला. अण्णांची बोटं सरकत तिच्या दुमडलेल्या कानामागे गेली आणि तिथे खाजवायला लागली. "आरं, बस की गप," ते म्हणाले. ती बसलेलीच होती. "भाकर खाल्लीस का?" महिनोन् महिने त्यांच्या तोंडून असा पूर्ण, घाई नसलेला प्रश्न मी ऐकला नव्हता. नवरा उठून स्वयंपाकघरात गेला.

त्या संध्याकाळी अण्णा किल्ल्या मागायला उठलेच नाहीत, असं लिहायला मला आवडलं असतं. ते उठले. पण साडेसातला, आणि मी "अजून टाइम आहे" म्हटल्यावर बसले.

पुढे भेटींना एक घडी बसली. आधी दादा चिकूच्या गळ्यात दोन पट्टे अडकवतात, एक दादांच्या हातात आणि एक अण्णांच्या. अण्णांना वाटतं कुत्रं आपल्या ताब्यात आहे, आणि ओढ बसली तर दादा सांभाळतात. मग ब्रश. अण्णा तिला मानेपासून शेपटीकडे विंचरतात, एका लयीत. हाताला काम आणि डोळ्यासमोर ते काम पुढे सरकताना दिसणं, याने त्यांचा श्वास संथ होतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मग वाटीत पाणी ओतून ठेवणं. तांब्या हातात दिला की पुढचं त्यांना सांगावं लागत नाही. शेवटी तळहातावर खाऊ. तळहात सपाट ठेवायचा, चिमटीत नाही. चिकू चेहरा चाटत नाही, तिला तसं शिकवलंय. झालं की अण्णांचे हात साबणाने धुवायचे. ते मावशी करतात.

नाव अण्णांनी पहिल्याच दिवशी बदललं. ती मादी आहे, तिचं नाव चिकू आहे, तरी अण्णांची ती वाघ्या. माणदेशातल्या माणसाला कुत्रं म्हटलं की जेजुरीचा खंडोबा आठवणारच, त्यात त्यांचा जन्माचा रूट दहिवडी-पुणे. दादा म्हणाले, "वाघ्या तर वाघ्या. तिला आवाजातली माया कळते." चिकू वाघ्या म्हटल्यावर मान वळवायला लागली. मग अण्णा तिला रस्ता सांगायचे. फलटण, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड, मग दिवे घाट. घाटात आले की आवाज खाली यायचा, हात विंचरायचा थांबायचा, जणू गिअर बदलायचाय. घाट उतरला की पुन्हा ब्रश सुरू. हे थांबे त्यांना आम्ही विचारले असते तर एकही आठवला नसता.

विचारणं हीच खरी अडचण आहे, हे मला तिथे बसून कळत गेलं. डिमेन्शिया झालेल्या माणसाकडे कुणीही येवो, त्याची परीक्षा सुरू होते. "मला ओळखलंत का?" "मी कोण सांगा?" "आज वार कोणता?" "सकाळी काय खाल्लं?" प्रेमाने विचारतात सगळे, मीही विचारायचे. पण दिवसातून वीसदा नापास होणाऱ्या माणसाला आपण नापास होतोय एवढं कळतंच, प्रश्न काय होता ते विसरला तरी. चिकू काहीच विचारत नाही. तिला वाघ्या म्हटलं तरी तिची हरकत नसते, तीच गोष्ट पाचदा सांगितली तरी ती तितकीच बघते. अण्णांचं तिच्यापुढे काहीच चुकत नाही. मला वाटतं, ताण उतरतो तो इथे. ताईंनी आम्हालाही तेच करायला सांगितलं. भेटीच्या वेळात अण्णांना एकही प्रश्न विचारायचा नाही, एकही चूक दुरुस्त करायची नाही. फक्त शेजारी बसून "छान चमकतंय अंग" एवढं बोलायचं. नवऱ्याला हे जड गेलं. वडील आपल्याला ओळखत नाहीत आणि कुत्रीशी गप्पा मारतात, हे मुलाने गिळायचं म्हणजे सोपं नाही. पण हळूहळू तोही शेजारी बसून रस्ता ऐकायला लागला. एकदा त्याने "नीरेला चहा?" असं म्हटलं आणि अण्णा म्हणाले, "घे की." त्या चहाची गोष्ट नवरा अजून सांगतो.

दुसरी एक गोष्ट उलगडली ती चिकूमुळेच. अण्णा संध्याकाळी सोफ्याजवळ जाऊन वाकायचे. एका हाताने सोफा धरायचा, कमरेत वाकायचं आणि खाली बघायचं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा तेच. पडतील म्हणून आम्ही धावायचो. काही हरवलंय का म्हणून सोफा सरकवून दाखवायचो, त्याने ते आणखी अस्वस्थ व्हायचे. एका भेटीत चिकू दमून खुर्चीच्या मागे जाऊन पडली. अण्णांनी तिला शोधलं, वाकून खुर्चीखाली बघितलं, ती दिसली तेव्हा हाताने हलकेच हुसकलं आणि "उठ, निघायचंय" म्हणाले. अगदी सोफ्यापाशी वाकायचे तसेच वाकले होते.

नवऱ्याने अण्णांच्या जुन्या कंडक्टर काकांना फोन केला. काका हसले आणि मग गप्प झाले. म्हणाले, मुक्कामाच्या गाडीला गावची कुत्री इंजिनाच्या उबेला गाडीखाली येऊन झोपायची, थंडीत तर हमखास. अण्णा पहाटे सेल मारायच्या आधी चारी बाजूंनी वाकून बघायचे, एकेकाला उठवायचे, मगच गाडी हलायची. इतर ड्रायव्हर हॉर्न मारून मोकळे व्हायचे. अण्णांच्या गाडीखाली एकही कुत्रं मेलं नाही. रात्रीच्या डब्यातली अर्धी भाकरीही कुत्र्यांचीच.

त्यानंतर अण्णा सोफ्याशी वाकले की आम्ही धावत नाही. मावशी बाजूला उभ्या राहून म्हणतात, "न्हाई अण्णा, कोण न्हाई खाली, मी बघितलं." अण्णा म्हणतात, "बघितलंस न्हवं?" आणि सरळ होतात.

आता या सगळ्याचा उपयोग मोजता येतो का? मी वही ठेवली होती. साडेचारला, साडेपाचला, सातला अण्णा किती अस्वस्थ आहेत ते लिहायचं, शून्य ते तीन. ताईंनीच सांगितलं होतं. भेटीच्या दिवशी आकडे खाली आलेले दिसतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्वीसारखे. काही भेटींत काहीच फरक नाही. आठवण वाढलेली नाही, आजार मागे गेलेला नाही. कुणी तसं आश्वासन देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

शास्त्रीय अभ्यास काय म्हणतात तेही मी शोधून वाचलं, कारण पैसे आणि आशा दोन्ही लागतात या कामाला. अशा उपचारांची सुरुवात न्यूयॉर्कच्या बोरिस लेव्हिन्सन या बालमानसशास्त्रज्ञापासून सांगतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आलं की न बोलणारं मूल त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याजवळ मोकळं होतं. डिमेन्शियाबाबत २०१९ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगभरातल्या नेमक्या पद्धतीने केलेल्या चाचण्या एकत्र तपासल्या. हाती लागल्या ९ चाचण्या आणि मिळून ३०५ माणसं. निष्कर्ष सावध आहे. प्राण्यांच्या सहवासाने उदासपणा थोडा कमी होत असावा, बाकी चिडचिड, रोजची कामं, जगण्याची प्रत यांवर ठोस सांगण्याइतका पुरावा नाही. दक्षिण आफ्रिकेत २००३ साली झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना कुरवाळताना माणसांच्या आणि कुत्र्यांच्या, दोघांच्याही रक्तात ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक वाढलेलं आणि माणसांतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरलेलं दिसलं. ती माणसं डिमेन्शियाची नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो आयोवा विद्यापीठातला २०१४ चा प्रयोग. अल्झायमरच्या १७ रुग्णांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते त्यांना थोड्याच वेळात फारसं आठवेना, पण मनात उठलेली भावना मात्र रेंगाळत राहिली. दुःखाच्या बाबतीत तर ज्यांना कमी आठवत होतं त्यांच्यात ते अधिक टिकलं. हे वाचल्यावर आमच्या साडेपाचच्या वादावादीचा सात वाजताच्या अण्णांवर काय परिणाम होत असेल ते मला समजलं. वाद त्यांच्या लक्षात नसायचा, त्याची धग असायची. चिकू येऊन गेली हेही त्यांना रात्री सांगता येत नाही. विचारलं तर "कुठलं कुत्रं?" म्हणतात. तरी ती आली त्या दिवशी जेवण सावकाश होतं, घास घशात अडकत नाही.

सगळ्याच भेटी गोड झाल्या नाहीत. एकदा आदल्या रात्री अण्णांची झोप झाली नव्हती. चिकू दारात दिसली आणि त्यांनी काठी उगारली, "हाड! मेंढरात शिरलं!" त्यांच्या डोळ्यांसमोर ती राखणीची नव्हती, बाहेरची झाली होती. दादा एक शब्द न बोलता तिला घेऊन जिन्यात गेले. त्या दिवशी ताईंनी अण्णांशी फक्त मेंढरांवर बोलणं केलं, किती होती, कुठे बसवली, राखणीला कोण. चिकू परत आत आली नाही. अर्धवट राहिलेली भेट जबरदस्तीने पुरी करायची नाही, हा त्यांचा नियम मला फार मोलाचा वाटतो.

चिकूचाही ताण असतो. हे मला आधी सुचलंच नसतं, दादांनी दाखवलं. ती जांभई देते ती दरवेळी झोपेची नसते. ओठ चाटणं, मान दुसरीकडे वळवणं, कान मागे नेणं, पंजा उचलून धरणं, ही तिची "पुरे आता" म्हणायची रीत. दोन खुणा एकापाठोपाठ दिसल्या की दादा तिला उठवून बाहेर फिरवून आणतात, अण्णांचा रस्ता सासवडला पोचलेला असला तरी. एका दिवसात तिला फार घरं देत नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांमुळे ती कामच करत नाही. काही घरच्यांना हे आवडत नाही, पैसे भरलेत तर पूर्ण वेळ हवा असं वाटतं. पण कुत्रं दमलेलं, घाबरलेलं असेल तर माणसाला शांत कसं करणार? जी माणसं कुत्र्याच्या विश्रांतीबद्दल बोलत नाहीत त्यांना घरात घेऊ नका. लसीचे कागद दाखवायला का-कू करतात, पहिल्याच भेटीत थेट कुत्रं आणतात, मानसतज्ज्ञ सोबत नसतो आणि तरी "थेरपी" म्हणतात, तिथेही थांबा. नुसतं गोड कुत्रं भेटायला येणं वाईट नाही, पण तो उपचार होत नाही.

आणि हे सगळ्यांसाठी नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनाही डिमेन्शिया आहे. त्यांच्या मुलीने आमच्याकडे येऊन एक भेट बघितली. आजींना लहानपणी कुत्रं चावलं होतं आणि त्या काळची पोटातली इंजेक्शनं त्यांना आजही आठवतात. बाकी सगळं पुसलं तरी ती भीती तशीच आहे. ताईंनी सरळ नाही म्हटलं. आजींकडे आता एक बाई दुपारी येऊन ओव्या म्हणते आणि आजी सोबत म्हणतात. तेही चांगलं चाललंय. जपानमध्ये अशा माणसांसाठी पारो नावाचा, सील या समुद्री प्राण्यासारखा दिसणारा यंत्राचा प्राणी बनवलाय, कुरवाळलं की तो प्रतिसाद देतो. ज्यांना जिवंत जनावर चालत नाही त्यांच्यासाठी तो अनेक देशांत वापरतात.

आत्यांना मात्र वेगळीच काळजी होती. गावाहून आल्या तेव्हा देवघराच्या खोलीला लागून कुत्रं बसलेलं बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. मग अण्णांना तिच्याशी बोलताना ऐकलं आणि जवळ जाऊन बसल्या. निघताना मला म्हणाल्या, "वाड्यावर असाच बोलायचा." दुसरं काही म्हणाल्या नाहीत.

आमच्या डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी अजून सुरू केलेली नाही. त्यात एकट्या चिकूचा हात आहे असं मी म्हणणार नाही. लवकर लावलेले दिवे आहेत, मावशींची बदललेली वेळ आहे, दुपारचं चालणं आहे, आणि आम्ही प्रश्न विचारायचं सोडलंय तेही आहे. चिकू नसते त्या दिवशी साडेचारला मावशी अण्णांच्या हातात तिचा जुना ब्रश आणि एक घोंगडीचा तुकडा देतात. कधी ते घोंगडी विंचरतात, कधी बाजूला ठेवतात.

चिकूचं वय होत चाललंय. दादा तिचं काम कमी करताहेत, वर्षभरात थांबवतील. म्हणून आतापासून काळ्या लॅब्रॅडोरची ओळख करून देणं सुरू आहे. पहिल्या वेळी अण्णांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. नंतरच्या वेळी दोघांना एकत्र आणलं, तेव्हा ते चिकूला म्हणाले, "ह्यो कुणाचा?" ताईंनी ते लिहून घेतलं. त्यांच्या मते एवढं पुरेसं आहे, आणि पुढच्या भेटीलाही दोघांना मिळूनच आणायचं ठरलंय.